फोनवर वास कळत नाही

दवाखान्यात ती बावीस वर्षं जखमांच्या पट्ट्या बदलते. सगळे तिला पट्टीताई म्हणतात. जखम भरतेय की चिघळतेय, हे तिला पट्टी सुटायच्या आधीच कळतं, नाकाने. एक श्वास घेते आणि म्हणते, "साफ आहे." किंवा काहीच म्हणत नाही. ती गप्प राहिली, की डॉक्टर चष्मा पुसून पुन्हा बघतात.

साथ आली आणि दवाखान्याचं दार अर्धं मिटलं. तातडीचे तेवढे आत, बाकीचे व्हिडिओवर. पट्टीताईच्या हाती एक फोन आणि पेशंटची यादी आली.

"फोनवर वास कळत नाही, डॉक्टर."

"मग डोळ्यांवर भागवा."

"भागवीन हो. पण डोळ्यांना फसवणं सोपं."

मंगळवारी अकराला टेलरकाका. साखरेचा जुना आजार, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम. दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे; पायमशीन हाच संसार. ताईच्या तोंडावरचा मास्कही त्यांनीच शिवलेला.

"काय म्हणतोय पाय?"

"मालक बोलू देईल तर म्हणेल ना."

फोन खाली गेला. दोन मंगळवार जखम दिसत होती. आज पाय स्वच्छ, गुळगुळीत.

डॉक्टर मागून डोकावले. "वा काका, घरच्या घरी बरे झालात. यांचं नाव काढा यादीतून."

ताईने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. हा पाय तिने सात महिने मांडीवर घेतला होता. चाळीस वर्षं एकट्या उजव्याने पॅडल दाबून त्याच्या चवड्याला घट्टा पडला होता, बोटाला दगडासारखा लागणारा. जखम भरेल एक वेळ, पण घट्टा आठ दिवसांत कुठे जाईल?

"काका, माझ्या ओढणीची कड उसवलीय. शिवण किती बारीक घालू? जरा मशीनवर दाखवता?"

"आत्ता?"

"फोन समोरच्या फळीवर टेकवा. मशीन दिसू दे मला."

काका बसले. कापड सरकवलं आणि उजव्या हाताने चाक फिरवू लागले. टक. टक. टक. शिकाऊ पोरगं शिवतं तसं.

"हाताने कधीपासून?"

"तेल संपलंय मशीनचं."

"मशीनचं की मालकाचं?"

काका हसले नाहीत. "झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई."

"मूठ झाकून राहते. जखम नाही राहत. मगाशी डावा पाय दाखवलात ना?"

काकांनी चाकावरचा हात काढला.

"शेजारच्याला हॉस्पिटलात नेलं," काका म्हणाले. "स्वतः चपला घालून गेला, चालत. चपला तेवढ्या परत आल्या. मला नेतील, पाय कापतील, वर साथ धरेल. आणि पाय गेल्यावर या मशीनपुढे बसून मी काय पूजा करू त्याची?"

ती रागावली नाही. "उजवा दाखवा."

त्यांनी दाखवला. अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"इथेच या," ती म्हणाली. "उद्या सकाळी सातला, मागच्या दाराने. दुसरं कुणी नसेल. पट्टी मीच सोडणार."

"आणि कापायचंच म्हणाले तर?"

"तर मी सांगेन, समोर बसून. फसवायचंच असतं तर आत्ता तुम्हाला बरे म्हणून फोन ठेवला असता."

काका आले. तिने पाय मांडीवर घेतला. त्यांनीच शिवलेल्या मास्कमधूनही कळलं. ती काहीच म्हणाली नाही. मग डॉक्टरांनी बराच वेळ पाय तपासला आणि तिच्याकडे बघून मान हलवली.

"अंगठा जाईल, काका," तिने सांगितलं. "पाय राहील. आणखी आठवडाभर उशीर केला असतात, तर हेही म्हणता आलं नसतं."

"अंगठ्याशिवाय पॅडल?"

"टाचेने दाबा. शिकाल."

त्यानंतर ती कुणालाच नुसतं "कसे आहात?" विचारत नाही. गुडघेदुखीवाल्या आजींना दारापर्यंत चालायला लावते, दमेकऱ्याला बादली उचलायला. "परीक्षाच घेता की," म्हणून लोक कुरकुरतात. "पास झालात तर फोन ठेवते," ती म्हणते.

सात मंगळवार गेले. अकराला काकांनी न सांगता फोन फळीवर टेकवला आणि पॅडलवर टाच ठेवली. मशीन दोन टाके धावलं, अडलं, पुन्हा धावलं.

"लंगडतंय हो मशीन," ताई म्हणाली.

"मालकावर गेलंय," काका म्हणाले. "ती ओढणी पाठवा. कड बाकी आहे."