मैनावहिनीचं उट्टं

मैनावहिनीने एकदा डूख धरला की तो सुटायचा नाही, हे आमच्या हेदटेंभ्यात शेंबडं पोरही सांगेल. मी तर सांगेनच, कारण तिचा डूख मी अजून रोज पायी चालून फेडतो आहे.

मैना म्हणजे माझ्या चुलतभावाची, जयरामची बायको. माहेर किन्हवलीकडचं. शिक्षण दहावी आणि मुरबाडच्या क्लासात केलेलं टायपिंग. एक्याण्णव साली मुरबाडच्या एमआयडीसीतल्या आमच्या पंपाच्या कारखान्यात तिला टाइम ऑफिसात घेतलं. मी तिथंच प्रेसखात्यात फिटर. हजेरी मांडायची, मस्टर भरायचं, पगारपत्रक बनवायचं आणि सात तारखेला खिडकीतून प्रत्येकाच्या हातात पगाराची चिठ्ठी ठेवायची, हे तिचं काम. तीनशे कामगारांचे बिल्ला नंबर तिला तोंडपाठ. बाजारात कोणी भेटलं तर तिला आधी नंबर आठवायचा, मग नाव. खुर्चीवर बसून पगार घेणारी गावातली पहिली बाई, म्हणून आम्हाला तिचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, पोटात थोडं दुखायचंही.

ती जीपच्या धंद्यात पडली तीही रागापोटीच. मुरबाडच्या नाक्यावर एका जीपवाल्याने तिला पुढच्या सीटवरून उठवलं होतं. म्हणाला, "बाय, तू मागं बस कोंबड्यांजवळ, पुढं शेठ बसतील." ती मुकाट्याने मागे बसली, पुरं भाडं दिलं आणि उतरताना म्हणाली, "तुज्या गाडीत आज शेवटची बसली." दीड वर्ष तिने पगार साठवला. पंच्याण्णवच्या दसऱ्याला जयराम जुनी ट्रॅक्स जीप घेऊन गावात शिरला. पुढची सीट बायांची, हा वहिनीचा पहिला नियम. सकाळी गावातले कामगार कारखान्यावर सोडायचे आणि मग दिवसभर मुरबाड ते म्हसा फेऱ्या मारायच्या. सहा महिन्यांत त्या जीपवाल्याला त्या रस्त्यावर माणूस मिळेना, तो गाडी घेऊन दुसरीकडे गेला. हे कळलं तेव्हा वहिनीने त्या रात्री घरात खीर केली.

आता म्हशाच्या जत्रेचं सांगतो. पौष पौर्णिमेला जत्रा भरते; बैलबाजार, घोंगड्या, नवस, सगळं. त्या दिवशी आमच्याकडे कोणी रजेचा अर्ज करत नसे. देवाकडे जायला साहेबाची परवानगी मागायची म्हणजे देवाचा अपमान, अशी जुन्यांची समजूत. कारखानाही त्या दिवशी डोळेझाक करायचा. पण शहाण्णवच्या अखेरीस सरनोबत नावाचे नवे मॅनेजर आले. जत्रेच्या चार दिवस आधी वहिनी माझ्या ओटीवर आली.

"भावजी, यंदा साहेब टपून बसलाय," ती म्हणाली. "दहा जणांनी मिळून, न सांगता दांडी मारली तर एका दिवसापायी आठ दिवसांचा पगार कापता येतो. कायद्यात हाय तसं. त्यानं ते पान मला दावलं आन् वर हसला. तुमी सगळ्यांना सांगा, आपापला अर्ज द्या. मी शिक्का मारून घेते. मी सांगून ऐकायचे नाय, तुमचं ऐकतील."

मी हसलो. "वहिनी, म्हसोबाला अर्ज लागत नाय."

आणि मी कोणालाही काही सांगितलं नाही. एका बाईचा निरोप घेऊन घरोघर फिरायचं मला कमीपणाचं वाटलं.

जत्रा झाली. सात तारखेला चिठ्ठ्या हातात आल्या. एकशेबारा माणसांचे आठ-आठ दिवस कापलेले. गेटवर दंगा उसळला, तेव्हा सरनोबत पायरीवर आले आणि शांतपणे म्हणाले, "माझ्यावर काय ओरडता? मी इथं नवा. हे कलम मला कुठं ठाऊक होतं? तुमच्याच गावच्या बाईनं पुस्तक उघडून दाखवलं."

साफ खोटं. वहिनी खिडकीतून ओरडली, "साहेब खोटं बोलतायत!" पण ऐकतो कोण. कोणीतरी खिडकीवर थुंकलं. तिने गर्दीत मला शोधलं.

"देवरामभावजी, तुमी सांगा. मी तुमच्या ओटीवर आलेली का नाय?"

सगळी डोकी माझ्याकडे वळली. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग तू आम्हाला का नाही सांगितलंस? एकशेबारा माणसांचे आठ दिवस माझ्या डोक्यावर आले असते. मी म्हणालो, "मला काय म्हाईत नाय."

तिने खिडकी लावून घेतली.

गावात राघोबाबांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांनी सांगितलं, तिच्या गाडीत आपल्यातलं कोणी बसायचं नाही. एका सकाळी जीपच्या सीटांना शेण फासलेलं होतं. माझ्या बहिणीच्या, भिमीच्या लग्नाचं आवतण सगळ्या गावाला गेलं, जयरामच्या घरी गेलं नाही. मला ते दिसत होतं, मी मध्ये पडलो नाही. हळदीच्या दिवशी वहिनीची पोरगी, समीक्षा, आमच्या मांडवाबाहेर उभी राहून आत बघत होती. पाच-सहा वर्षांची असेल. तिला आत घ्यायलाही कोणी उठलं नाही.

म्हशाची फेरी बुडाली. दुसरी बाई असती तर तिने जीप विकून टाकली असती. वहिनीने जयरामला डोळखांबकडे पाठवलं. तिला कारखान्यावर सोडून तो दिवसभर डोळखांब ते शहापूर गाडी मारू लागला. पाड्यापाड्यांवरून कामाला निघालेली माणसं, नाचणीची पोती, टपावर शेरडं. नव्याण्णवला दुसरी जीप आली, दोन हजार एकला तिसरी. शहापुरात स्टँडजवळ पत्र्याची टपरी आणि वर तिच्या नावाची पाटी. ड्रायव्हरांची हजेरी ती कारखान्यातल्यासारखीच मस्टरवर मांडायची आणि पगार सात तारखेला, चिठ्ठीसकट.

पण आमच्या गावातून सकाळी निघणारी जीप तिने बंद केली नाही. रोज पावणेसातला ती पुढच्या सीटवर बसायची, मागे सगळ्या सीटा रिकाम्या. जुन्या प्रत्येक थांब्यावर जयराम गाडी उभी करायचा, हॉर्न द्यायचा, कोणी येत नसे, मग पुढे. आम्ही एसटी पकडायला तीन किलोमीटर फाट्यापर्यंत चालत जायचो आणि तिची धूळ खायचो. अशी सात वर्षं गेली.

जयराम म्हणायचा, आता धंदा चालतोय, सोड ती नोकरी. तिचं उत्तर एकच: "साहेब तिथं हाय, तोवर मी पण तिथं."

सरनोबतांची खोड तिने पहिल्याच वर्षी हेरली होती. सहीला आलेल्या गठ्ठ्याचा ते कोपरा तेवढा उचलायचे आणि फोनवर बोलत सह्या ठोकायचे. दोन हजार तीनच्या डिसेंबरात, सात तारखेला, तिने प्रत्येक चिठ्ठीबरोबर रजेचा एक-एक कोरा अर्ज सरकवला. "पौर्णिमेला जत्रेला जायचं हाय ना? सही कर." सात वर्षं तिच्याशी न बोललेल्यांनीही सह्या केल्या, चोरून संध्याकाळी जत्रा बघून सगळे कंटाळले होते. मीही केली. तिने मान वर न करता माझा कागद घेतला.

मग रोज दहा-पंधरा अर्ज, आवकचा शिक्का मारून, साहेबांच्या टेबलावर. गठ्ठ्याच्या तळाशी नाही, वर. "लपवला असता तर ती चोरी झाली असती," ती नंतर जयरामला म्हणाली. "मला त्याचं उट्टं काढायचं होतं, चोरी नाय करायची."

पौर्णिमेला परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार, हे तिला महिनाभर आधीच ठाऊक होतं. त्या दिवशी आम्ही सगळे म्हशाला. आत काय झालं ते वॉचमन मंगळूने रंगवून सांगितलं. दोन गोरे पाहुणे, मुंबईहून आलेले डायरेक्टर, आणि खात्यात नऊ माणसं. सरनोबत लालबुंद होऊन ओरडले, "सगळ्यांचे आठ दिवस कापा!" वहिनीने फाइल टेबलावर ठेवली. म्हणाली, "साहेब, न सांगता कोणी गेलं नाय. तुमीच मंजूर केलंय."

डायरेक्टरांनी पानं उलटली. बरीच उलटली. मग एवढंच विचारलं, "सह्या तुमच्याच ना?"

होळीच्या आत साहेब गेले. त्यांच्या शेवटच्या पगाराचा कागद वहिनीनेच केला, पैचीही चूक नाही. सही घेताना त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आता तरी वाचून करा, साहेब." हे सांगताना मंगळूच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून हसून.

गाव फिरायला किती वेळ लागतो! राघोबाबांनी तिला देवळात बोलावलं. शाल, नारळ, सगळा गाव जमला. म्हणाले, "पोरी, झालं गेलं सोड. तुजी गाडी पुन्ना गावाची होऊ दे." खरं सांगायचं तर फाट्यापर्यंत चालून सगळ्यांचे पाय दुखत होते.

तिने शाल घेतली नाही. म्हणाली, "आधी देवरामभावजी बोलतील. सात वर्सांपूर्वी विचारलेलं, ते अजून उत्तर द्यायचे हायेत."

माझी आई बसली होती, बायको वत्सला बसली होती, भिमी माहेरपणाला आलेली. आता पळायला जागा नव्हती. मी सांगितलं. ती ओटीवर आली होती, सगळं सांगून गेली होती, मी कोणाला बोललो नाही, आणि गेटवर खोटं बोललो. बोलून झाल्यावर मला हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आई उठून घरी गेली.

मग वहिनी म्हणाली, "उद्यापासनं गाडी भरायची. तुमी सगळे फसलेले, तुमचा राग मी गिळला. शेण फासणाऱ्याला पण बसवीन. फक्त देवरामभावजी नाय."

राघोबाबा काही बोलणार होते. ती म्हणाली, "सगळ्यांना खोटं कळलेलं. यांना खरं कळलेलं."

तेव्हापासून मी चालतो. पहिले दोन-तीन महिने मी आतून जळत होतो. बाईमाणसाने एवढं ताणावं? वत्सलाला म्हटलं, तूही बसू नकोस. ती म्हणाली, "तुमचं पाप, माजे पाय कशाला?" आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. रोज पावणेसातला जीप माझ्या बाजूने जाते. आत माझी बायको, माझे शेजारी, माझ्याच खात्यातली माणसं. सगळे समोर बघतात. जयराम माझा भाऊ, पण तोही ब्रेकवर पाय ठेवत नाही.

गेल्या वैशाखात, दोन हजार नऊ साली, मी निम्म्या वाटेत होतो. गुडघा सुजलेला, ऊन सकाळीच चढलेलं. मागून जीप आली आणि चक्क थांबली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी टॉवेलने तोंड पुसलं आणि मागच्या दाराकडे निघालो.

पुढची काच खाली झाली. वहिनीने हात बाहेर काढला. हातात माझा जेवणाचा डबा होता, घाईत घरी विसरलेला. शेजारी बसलेली वत्सला मांडीकडे बघत होती.

"घ्या," वहिनी म्हणाली. "डब्यानं काय केलं नाय."

मी डबा घेतला. ती जयरामला म्हणाली, "चला," आणि गाडी निघून गेली.