हवं असल्यास खूण करा

कोणावर काही लादायचं नाही, या एका हट्टापायी माझ्या साडूनं लोकांना जितकं छळलं, तितकं एखाद्या हुकूमशहालाही जमलं नसतं. नागभीडला पुतणीच्या लग्नात वाढायला उभा राहिला, तर प्रत्येक पानापुढे थांबून, "वरण भातावर देऊ का बाजूनं?" पुढची पंगत वैतागलेली, मागची उपाशी. शेवटी मेहुणीनं, "वाढा ना आता! इचारू इचारू वरण थंडं करून राह्यले," म्हणत बादलीच हिसकावली. याला ढिम्म काही वाटलं नाही. "खाणारा तो हाय. मी कोण ठरवणारा?" म्हणाला.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन हा आमच्या मंडळात आला आणि डोक्याला ताप झाला. मंडळ जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून खेड्यांतल्या शाळांना देतं. त्यांच्या डिस्क एवढ्याशा. सगळं भरलं तर पोरांनी काढलेलं चित्र ठेवायलाही जागा उरायची नाही. काय ठेवायचं, काय गाळायचं याची यादी मी करायचो. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम मी गाळला. आवाजाच्या फायलीच केवढ्या, आणि वापरतो कोण? साडू चवताळला. "काऊन काढता? उद्या कोणाले लागन तं?" प्रत्येक बैठकीत भांडला. अखेर तडजोड झाली. प्रोग्राम सोबतच्या पेनड्राइव्हवर राहील, पहिल्यांदा कॉम्प्युटर सुरू करताना स्क्रीनवर प्रश्न येईल, हवं असल्यास चौकोनात खूण करा. जागा वाचली, ज्याची त्याची मर्जीही राहिली. साडूनं त्या दिवशी सगळ्यांना समोसे खाऊ घातले, अर्थात चटणी तिखट की गोड हे एकेकाला विचारून.

आम्ही एवढे शहाणे तिथे बसलो होतो, एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. आजही आठवलं की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

सावली तालुक्यातल्या एका शाळेत एक अंध बाई शिकवायच्या. कॉम्प्युटर आला तेव्हा बाईच हौसेनं पुढे बसल्या. शिपाई म्हणाला, एन्टर दाबत राहा. त्यांनी दाबलं. प्रश्न आला आणि निघून गेला. मशीन मुकंच राहिलं. बाईंना वाटलं, आपल्याजोगं यात काही नसेल. मुलांचे गुण कॉम्प्युटरवर भरता येत नाहीत म्हणून वर्षाअखेर त्यांचा वर्ग दुसऱ्याला दिला आणि त्यांना सकाळची प्रार्थना घ्यायला ठेवलं.

हे कळल्याबरोबर साडू मला घेऊन तिकडे गेला. त्यानं प्रोग्राम चढवला. मशीन मराठीत बोलू लागलं. बाई एकेक कळ दाबून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. साडूनं हात जोडले. "बाई, आमी इचारलं होतं जी..."

"इचारलं असन, भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या. "मले ऐकू नाई आलं."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता तो प्रोग्राम कोणाला न विचारता सगळीकडे जातो, पण बाईंना वर्ग काही परत मिळाला नाही. साडूनं मंडळ सोडलं. सगळं आपल्याच माथी घेऊन बसलाय वेडा. अरे, गाळणारा मी होतो, तू तर भांडला होतास, एवढंच त्याला सांगायचं आहे. समोर आला की मी तब्येतीचं विचारतो.