घर लाभतं का?

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, लेकीसुनांना नाही, देवापुढेसुद्धा नाही — तिथे हात जोडले की मी भलतंच काहीतरी मागत बसते. तशी मी बोलण्यात कुणाला हार जाणारी नाही, चिंचवडात आमच्या आळीत कुणालाही विचारा. पण हे एक जिभेवर येतं आणि परत आत जातं.

लग्न होऊन आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. हे सकाळी सायकलवरून खडकीला कारखान्यात जायचे, ते दिवेलागणीला परत. घरात सासू नाही, नणंद नाही. शेजारी सगुणाबाई — विधवा, चाळिशीच्या. मी त्यांना आक्का म्हणायचे. माझं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा महिनाभर त्यांनीच मला हातचं खाऊ घातलं. त्या गेल्या असत्या तर त्या गावात माझं कोण होतं?

आणि आक्का जायला निघाल्या होत्या. त्यांची एकुलती लेक शेवंता सोलापूरला दिलेली. दोन लहान पोरं पदरात, आणि तिला क्षयानं धरलेलं. तिची कार्डं मीच वाचून दाखवायचे, कारण आक्कांना अक्षर येत नव्हतं. "आई, तू ये." दर कार्डात तेच. पण जावयाची एकच खोली, त्यात त्याची आई. आक्का म्हणायच्या, "घर इकलं की लेकीच्या शेजारी खोली घीन. जावयाच्या अन्नावर न्हाई राहायची." उत्तरही मीच लिहायचे — घर विकलं की येते.

घरात नाव ठेवायला जागा नव्हती. तीन खोल्या, धड कौलं, मागे शेवगा, आमच्या दोघींत मिळून एक आड. पिंपरीला कारखाने उभे राहत होते, गिऱ्हाइकं येत होती. पुरुष भिंती ठोकून बघायचे. बायका मात्र आडावर माझ्याकडे यायच्या. आमच्याकडे रीतच ती — घर केवढ्याला ते मालकाला विचारायचं, लाभतं का ते शेजारणीला.

पहिली आली ती तळेगावकडची होती. "घर लाभतं का वो?" तिनं विचारलं. लाभतं — शब्द तोंडात आला होता. आक्कांचे मालक पटकीनं गेले, तेही पुण्याच्या दवाखान्यात. त्यात घराचा काय दोष? पण मी पोहरा खाली ठेवला, पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "माझ्या तोंडून कशाला वदवता, बाई?"

बस्, एवढंच. ती माणसं परत आली नाहीत.

पहिल्यांदा जीभ घसरली म्हणू? बरं, मग दुसऱ्यांदा? सहाव्यांदा? अडीच वर्षं ते घर तसंच पडून राहिलं, आणि दर वेळी मी तेच वाक्य तसंच पदर ओढून म्हणत होते.

आक्कांनी दोष कुणाला द्यावा? स्वतःला. "माझं पांढरं कपाळ बघून गिऱ्हाईक बिचकतं," त्या म्हणाल्या. "तूच दाव घर. मी मागं बसते." मग गिऱ्हाईक आलं की त्या शेवग्याखाली आमच्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या, आणि मी कुंकू लावून त्यांचं घर दाखवायचे. तेव्हा तरी माझी जीभ झडायला हवी होती. झडली नाही.

मग एका दुपारी पोस्टमननं कार्ड दिलं — कोपरा फाडलेलं. असं कार्ड वाचावं लागत नाही. मरणाची खबर असते, घरातसुद्धा नेत नाहीत. आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण फाटका कोपरा कळत होता. तरी म्हणाल्या, "वाच." मी वाचलं.

त्यानंतर त्यांनी घर विकायचं नाव काढलं नाही. "आता कुणाकडं जायाचं?" म्हणाल्या. जावयानं दुसरं लग्न केलं, नातवंडं पुन्हा त्यांच्या दृष्टीला पडली नाहीत. एकवीस वर्षं त्या माझ्या शेजारी राहिल्या. माझी तिन्ही बाळंतपणं त्यांनी केली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. "तू व्हतीस म्हणून तगले," त्या लोकांदेखत म्हणायच्या, आणि मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहायचे. शेवटच्या आजारातही तेच म्हणाल्या.

त्या गेल्यावर त्यांच्या पुतण्यानं घर विकायला काढलं. एक तरुण नवराबायको बघायला आली. नवरा भिंती ठोकत होता. ती आडाशी येऊन मला म्हणाली, "मावशी, घर लाभतं का हो?"

"लाभतं," मी म्हणाले.

पंधरा दिवसांत घर विकलं गेलं.