दुसऱ्या वाफ्याला खत

समजा, तुमच्यापुढं बारावीच्या जीवशास्त्राचा पेपर आहे. प्रश्न चार मार्कांचा: नव्या खतानं टमाट्याची वाढ होते की नाही, हे तपासायला प्रयोग आखा. काय लिहाल?

कामरगावच्या सुचितानं सगळं नीट लिहिलं. रोपं एकाच वयाची, माती एकच, पाणी सारखं. एका वाफ्याला खत, दुसऱ्याला नाही. आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, आणखी एक ओळ: ‘दुसऱ्या वाफ्यातली रोपं पिवळी पडू लागल्यास त्यांनाही लगेच खत द्यावे.’

त्या ओळीनं प्रश्न गेला. नर्सिंगला लागणाऱ्या मार्कांत दोन कमी पडले.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन ती कॉलेजातल्या धम्मरत्न सरांकडं गेली. सरांनी कपाळाला हात लावला.

“अवं, त्या वाफ्याले खतच द्यायचं नसते. देलं तं फरक कसा कळन?”

“पण सर, रोपं मेली असती ना.”

“मरू द्यायची! कागदावरची तं होती.”

घरी भावानं, मुकेशनं, टोमणा मारला, “कागदावरच्या टमाट्याले खत देऊन आली आमची नर्सबाई!”

बाप पुंजाजी मात्र खुश. जन्म भाजीपाल्यात गेलेला माणूस. “बरोबर लिहिलं पोरीनं. डोयादेखत रोप कोन सुकू देईन?”

मुकेशच्या टोमण्यापेक्षा हे जास्त झोंबलं. कोमेजलेल्या रोपाकडं आधी जायचं, हे तिला शिकवलं होतं बापानंच.

“तुमचंच ऐकून लिहिलं बाबा, म्हणून तं बसली घरी!”

पुंजाजी खुरपं उचलून वावरात गेला.

त्या हिवाळ्यात तिनं मुद्दाम वांग्याची एक ओळ बिनखताची ठेवली. पानं पिवळी पडली. दात आवळून ती बघत राहिली. आठवड्यानं पाहते तर प्रत्येक बुडाशी खत.

“एवढी ओळ राहून गेली होती तुह्याकडून,” पुंजाजी म्हणाला. “टाकलं म्या.”

तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते. मैत्रीण प्रियदर्शनी नर्सिंगला गेली. पांढऱ्या ड्रेसमधले फोटो पाठवते. सुचिता ते बघते आणि कारंज्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधते.

धम्मरत्न सर कधी स्टँडवर दिसतात. विचारावंसं वाटतं, पण एसटी येते नि राहून जातं: सर, प्रयोग संपला, फरक कळला, मार्कही भेटले. मंग त्या दुसऱ्या वाफ्याचं काय करतेत?