आवाज बंद ठेवून पाहिलेला माहितीपट

आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबची सगळी व्यवस्था माझ्याकडे असते. प्रोजेक्टर, पडदा, खुर्च्या, पाहुण्यांचा चहा. मी यादी करते आणि काम झालं की पुढे खूण करते. गेल्या हिवाळ्यात उरणकडच्या मिठागरांवरचा एक माहितीपट दाखवायचा होता. आदल्या दिवशी मी तो पूर्ण पाहिला, पण शेजारच्या वर्गात परीक्षा चालू होती म्हणून आवाज बंद ठेवला. ‘फिल्म तपासली’ यापुढे खूण केली.

त्यात आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान होते. घोट्याभर पाण्यात उभे राहून, लाकडी फळीने मीठ ओढता ओढता चांगली चार मिनिटं बोलत होते. शूटिंगनंतर वर्षभरात ते गेले. घरात त्यांचे दोन फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. चेहरा दिसतो पण आवाज आठवेनासा झालाय, असं काकू मला दोनदा म्हणाल्या होत्या. म्हणून त्याच संध्याकाळी मी जाऊन सांगितलं, उद्या या, काका बोलतात त्यात.

‘घरात दोन शब्द बोलायला महाग, आन् तिथं चार मिनिटं?’ काकू हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. मी शेजारी. काका पडद्यावर आले, त्यांचे ओठ हलले, आणि ऐकू आला दिग्दर्शकाचा आवाज. काळ म्हणजे काय, समुद्र माघारी जाताना काय ठेवून जातो, असं काही तो संथपणे सांगत होता.

‘आवाज वाढव गो बाय.’

‘हा काकांचा आवाज नाही, काकू.’

‘मंग त्यांचा कवा येल?’

काका फळी टेकवून वळले आणि चित्र बदललं.

नंतर चर्चा रंगली. एका प्राध्यापकांना निवेदनातलं चिंतन फार आवडलं. मी व्हरांड्यात जाऊन दिग्दर्शकाला फोन लावला. तो नम्रपणे बोलला. वाऱ्यामुळे मूळ ध्वनिमुद्रण खराब झालं होतं, हार्ड डिस्कवर जागा हवी म्हणून पुसून टाकलं.

काकूंना रिक्षात बसवताना मी हे सांगितलं.

‘तू आधी आयकलं नव्हतंस?’

‘नाही. नुसतं पाहिलं.’

‘बघाया मना फोटो हाय,’ त्या म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.