तीन दिवसांचं पाणी

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात तिला सगळे 'हौदवाली मावशी' म्हणायचे. बावीस वर्षांत तिचं खरं नाव विचारायची कुणाला बुद्धी झाली नाही! आणि काम असं, की ती नसती तर ओढ्याकाठच्या लोकांनी कारखान्याला कधीच टाळं ठोकलं असतं. रंगाचं पाणी मागच्या तीन हौदांत यायचं. हौदांत पाणकणसं लावलेली, पाण्यातला रंग शोषून घेणारी उंच पाणझाडं. पहिल्या हौदात पाणी निळंशार, तिसऱ्यात बेडूक पोहायचे. मग मावशी व्हॉल्व्ह फिरवून ते ओढ्यात सोडायची. पुढे ओढ्याकाठीच तिच्या लेकीचं घर, आणि नातवंडं दिवसभर त्याच पाण्यात.

"तीन दिवस मुरू द्यायचं. घाई केली की झाड मरतं," एवढंच तिचं शास्त्र.

धाकटे साहेब मात्र मोठं शास्त्र शिकून आले. भलीमोठी ऑर्डर घेतली, रंगाचं पाणी दुप्पट झालं. वर पाहुण्यांना बोलावून भाषण ठेवलं, 'निसर्गाकडून उद्योगाने काय शिकावं!' भिंतीवर पाणकणसाचा दाराएवढा फोटो. शहाणपणाला काही सुमार?

"मावशी, तीन दिवसांचं काम एका दिवसात उरका. निसर्ग जुळवून घेतो."

"घेतो की. मरून घेतो."

"तुम्ही फार बोलता."

मावशी चार दिवस तापाने पडली, तेवढी संधी साहेबांना पुरली. व्हॉल्व्ह सताड उघडा. पाचव्या दिवशी, नेमकी भाषणाच्या सकाळी, ती कामावर आली तर पाणकणसं पिवळी पडून आडवी, बेडूक पोट वर करून तरंगतायत. तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, दोन्ही पोरांच्या अंगावर चट्टे उठलेत गं. खाजवून खाजवून रक्त काढलंय."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मेल्यांनो, माझी पोरं काय गाळणी वाटली तुम्हाला? तिने दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह गच्च बंद केला, साखळी गुंडाळून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

आत मशीन चालूच होती. हौद भरले, कारखान्यातून हौदांकडे येणारी नळी तुंबली, आणि भाषणाच्या हॉलची मोरी त्याच नळीवर. साहेब नुकतेच म्हणत होते, "निसर्गात फेकलेलं सगळं परत येतं," आणि मोरीतून निळं पाणी भळभळ वर आलं. पाहुणे खुर्च्यांवर चढले.

साहेब धावत मागे आले. "मावशी, सोडा ते पाणी!"

"कुठे सोडू?"

"कुठेही सोडा!"

"कुठेही म्हणजे कुठे? ओढ्यावर माझी नातवंडं आहेत. तुमच्या अंगणात सोडू? जागा दाखवा, आत्ता सोडते. नाहीतर मशीन बंद करा, आणि झाडाला झेपेल तेवढंच रंगवा!"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. दारात पाहुणे उभे होते, पँटी दुमडून, बूट हातात धरून. तेही त्यांच्या उत्तराची वाट पाहत होते.