पुरिंगच्या शवपेटीशेजारी निवडलेले दिवे

बायको समोर शवपेटीत होती आणि टेबनच्या डोक्यात एकच विचार घोळत होता, की अंत्यसंस्कारवाल्यांचे हे दिवे हिरवट आहेत. पुरिंगचा चेहरा त्यात आजारी दिसत होता. उभं आयुष्य सिनेमाला उजेड पुरवण्यात गेलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार! रडू काही येत नव्हतं. शेजारणी कुजबुजू लागल्या होत्या, पण त्याला त्याचंही काही वाटत नव्हतं.

बाहेर मांडवात, इथे मयताच्या घरी असतो तसा, पत्त्यांचा डाव रंगला होता. पिद्योंग त्यात हरत होता आणि आरडाओरडा करून हरत होता. मनिलाच्या स्टुडिओत त्याने आणि टेबनने एकाच वेळी केबली ओढायला सुरुवात केली. टेबन दिव्यांचा मुख्य झाला, पिद्योंग जनरेटरच्या गाडीवर राहिला. टेबनने कधी त्याच्यावाचून काम केलं नाही. पुरिंग तर म्हणायची, "माझं लग्न दोघांशी झालंय, एक नुसता जेवायला येतो."

दुपारी रोवेना आली. दिग्दर्शक म्हणून तिचा हा पहिलाच सिनेमा होता. बिस्किटांचा डबा पुढे करून ती खुर्चीच्या टोकावर बसली. टेबनला ती कुया, म्हणजे दादा, म्हणायची.

"कुया, विचारायलाही लाज वाटते. पण भाड्याच्या दुकानाला आजच कळवायचंय. मोठे दिवे घेतले तर जनरेटरची गाडी घ्यावी लागते, आणि मग शूटिंगचे दोन दिवस कापावे लागतात. नाहीतर ते बॅटरीवरचे छोटे एलईडी. काय करू?"

दिवे भाड्याने घेतले की दुकानाची माणसं त्यांच्यामागून येतात, ही इथली रीत. म्हणजे दिवे निवडले की माणसं निवडली. त्या दुकानाची जनरेटरची गाडी पिद्योंगकडे होती आणि नाताळपासून ती हलली नव्हती, म्हणजे त्याला कामच नव्हतं, हे टेबनला ठाऊक होतं. तिसरी वाटही त्याला ठाऊक होती. मोठा दिवा एकच घ्यायचा, गाडी फक्त बाहेरच्या दृश्यांपुरती बोलवायची, घरातलं घरच्या ट्यूबलाइटवर भागवायचं. एरवी त्याने तासभर हुज्जत घालून हे तिच्या गळी उतरवलं असतं. आज हुज्जत घालायला अंगात त्राण नव्हतं.

"छोटे घे," तो म्हणाला. "खोल्या लहान आहेत. चांगलं दिसेल."

त्यात खोटं काही नव्हतं. रोवेनाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिथूनच दुकानाला फोन लावला. "गाडी नको, फक्त एलईडी," ती म्हणाली. मांडवातला गलका थांबला.

पिद्योंग पत्ते ठेवून आत आला. शवपेटीपाशी घटकाभर उभा राहिला, मग टेबनशेजारी टेकला.

"बरोबर केलंस रे," तो म्हणाला. आवाज त्याने पहिल्यांदाच खाली ठेवला होता. "त्या गल्लीत माझ्या गाडीचं धूड शिरलंच नसतं."

"हं."

"काही खाल्लंस का?"

"हं."

"खोटारड्या. पुरिंग असती तर लाटणं घेऊन धावली असती." त्याने टेबनच्या गुडघ्यावर थाप मारली आणि उठला. "निघतो मी."

मयताच्या घरच्यांनी पाहुण्याला दारापर्यंत पोहोचवायचं नसतं, आभारही मानायचे नसतात. टेबन बसून राहिला. थांब म्हणायला मात्र कोणाची मनाई नव्हती. फोन अजून रोवेनाच्या हातातच होता, एका शब्दाचं काम होतं. पिद्योंगची पाठ मांडवातून बाहेर पडेपर्यंत तो बघत राहिला, आणि रिवाज आपल्याला बसू देतोय याचं त्याला बरं वाटलं.

ते बरं वाटलेलं त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पुरिंग गेल्यापासून काही वाटलं ते हे पहिलं. लाजेमागून हुंदका आला, मग दुसरा, आणि तो तोंड झाकून ढसाढसा रडू लागला.

शेजारणी धावल्या. कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी पाणी आणलं. "रडू दे, रडू दे. किती जीव होता बिचाऱ्याचा तिच्यावर," त्या एकमेकींना सांगत होत्या. टेबनने त्यांना तसं समजू दिलं.